एका मिनिटाचा वाटाणा

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडला. लंडनहून नवी विद्या शिकून आलेला माणूस. डोक्यात 'राजा हरिश्चंद्र', पण खिशात दमडी नाही. हे हलत्या चित्रांचं प्रकरण नेमकं काय आहे, हे पैसेवाल्याला पटवायचं कसं? महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी जेमतेम मिनिटभराची फिल्म केली. नाव 'अंकुराची वाढ'. पडद्यावर दाणा फुगला, कोंब वर आला, वेल चढत गेली आणि फाळक्यांना चित्रपटासाठी कर्ज मिळालं.

म्हणजे आपल्याकडचा हा बहुधा पहिलाच विज्ञानाचा छोटा व्हिडिओ धंद्याच्या गरजेतून जन्मला. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज'सारख्या गमतीही केल्या. कॅमेऱ्याची ताकद त्यांना नेमकी उमगली होती. डोळ्यासाठी जे फार सावकाश घडतं ते तो भरभर दाखवतो, बारीक असेल ते मोठं करतो आणि एकदाच घडलेलं पुन्हा पुन्हा समोर आणतो. आज शाळकरी मुलाच्या अंगठ्याखाली असे लाखो वाटाणे उगवतात. प्रकाशसंश्लेषण चार मिनिटांत, त्रिकोणमिती सहा मिनिटांत, जीएसटी दहा मिनिटांत. बघून झालं की 'समजलं' असं वाटतं. पण त्यानंतर हाताला काय लागतं?

पुन्हा विचारण्याची लाज

चित्रांनी शिक्षण पालटेल ही आशा जुनी आहे. पुस्तकं लवकरच शाळेतून जातील आणि मुलं डोळ्यांनी शिकतील, असं भाकीत एडिसननं १९१३ सालीच केलं होतं. आपल्याकडे ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. शेती, आरोग्य आणि शाळकरी मुलांचं शिक्षण असे त्यांचे विषय होते. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. इथे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम बघत एक पिढी मोठी झाली आणि २०१७ साली संस्था बंद पडली.

या सगळ्यांत एक अडचण सारखीच होती. वेळ पाठवणाऱ्याची असायची. अकरा वाजता कार्यक्रम, साडेअकराला संपला. मधेच वीज गेली किंवा एखादं वाक्य निसटलं, तर ते गेलंच.

ही अडचण सुटली ती एका घरगुती शिकवणीतून. बोस्टनमध्ये नोकरी करणारा सलमान खान नावाचा एक जण २००४ सालापासून न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला दुरून गणित शिकवू लागला. तिचं अडलं होतं एककांच्या रूपांतरावर. मग आणखी भावंडं आली, वेळा जुळेनात, म्हणून त्यानं नोव्हेंबर २००६ मध्ये धडे यूट्यूबवर चढवायला सुरुवात केली. काळ्या पाटीवर रंगीत अक्षरं आणि मागून आवाज. चेहरा कुठेच नाही. त्यानं २०११ साली एका व्याख्यानात सांगितलं, की भावंडांना प्रत्यक्षातल्या त्याच्यापेक्षा यूट्यूबवरचा तोच जास्त आवडू लागला.

हसू येईल, पण कारण खरं आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, तीच पायरी पाचव्यांदा बघता येते आणि समोरचा वैतागत नाही. आपल्या वर्गांत 'कळलं का?' या प्रश्नाला साठ गळ्यांतून 'होऽऽ सर' असं एकच उत्तर येतं. त्यातले किती 'हो' खरे असतात, हे त्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अपूर्णांकाचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे सातवीत विचारायचं राहून गेलं की दहावीत विचारायची सोय उरत नाही. गणितातली अशी कित्येक जुनी भोकं या पॉज बटणानं बुजवली, हे मान्य करायला हवं.

सहा मिनिटांचा मंत्र

व्हिडिओ किती लांबीचा असावा? या प्रश्नावर सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो २०१४ सालच्या एका अभ्यासाचा. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांच्या आतबाहेरच टिकत होते. स्टुडिओतल्या थाटापेक्षा टेबलाशी बसून आपुलकीनं बोलणारा शिक्षक जास्त धरून ठेवत होता आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हातानं लिहीत जाणं जास्त वेळ बघितलं जात होतं.

त्यानंतर 'सहा मिनिटं' हा मंत्रच झाला. मात्र त्या अभ्यासात मोजलं होतं ते लोक किती वेळ बघतात आणि बघून झाल्यावर प्रश्न सोडवायला घेतात का, एवढंच. ते किती शिकले हा प्रश्न वेगळा. नवशिक्याला एका वेळी थोड्याच गोष्टी मनात धरता येतात, म्हणून धडा लहान तुकड्यांत द्यावा हे बरोबरच. पण तुकडा लहान असला म्हणून तो पचतोच असं नाही. चिवडाही मूठमूठच खातो आपण, आणि तरीही पोट बिघडतं.

स्वच्छ समजलं, पण काय?

या बाबतीत सगळ्यात अस्वस्थ करणारं काम डेरेक मुलर यांचं आहे. पुढे 'व्हेरिटासियम' या वाहिनीमुळे ते जगभर माहीत झाले, पण २००८ साली सिडनी विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली ती भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच. वर फेकलेल्या चेंडूवर कोणतं बल काम करतं? हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण. पण बहुतेकांना वाटतं, की हाताचं बल चेंडूसोबत वर जातं आणि हळूहळू संपतं.

मुलरांनी काही विद्यार्थ्यांना सरळ, सुटसुटीत व्हिडिओ दाखवला. विद्यार्थी म्हणाले, छान होता, स्पष्ट होता. चाचणी घेतली तर गुण होते तिथेच. त्याहून वाईट म्हणजे आपलं उत्तर बरोबरच आहे, असा त्यांचा विश्वास मात्र वाढला होता. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी ती चुकीची समजूतच एका पात्राच्या तोंडी घातली, मग तिची उलटतपासणी केली. हे विद्यार्थी म्हणाले, गोंधळायला झालं. त्यांचे गुण जवळजवळ दुप्पट झाले.

याचा अर्थ स्वच्छ व्हिडिओ माणसाला त्याच्याच समजुतीवर मान डोलवायला लावू शकतो. 'हे तर मला माहीत आहे' असं वाटलं की लक्ष सुटतं. समजुतीला खडा लागला तरच माणूस थांबून बघतो. गुळगुळीत शब्दांपेक्षा वस्तू हातात घेतल्यावर तो खडा लवकर लागतो, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातच घडलं.

काडी, नळी आणि सेफ्टी पिन

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात टेल्कोत नोकरी करत असताना १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या गावच्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे छोटे तुकडे कापून त्यांनी आगकाड्या जोडल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलेना, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडला. पूल आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे काही पैशांत हाताला कळलं. फाळक्यांच्या आगकाड्या पडद्यावर नाचल्या होत्या, गुप्तांच्या आगकाड्या मुलांच्या बोटांत आल्या.

पुढे जयंत नारळीकरांच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या 'पुलस्त्य' या वास्तूतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचऱ्यातून बनणाऱ्या खेळण्यांचे असंख्य छोटे व्हिडिओ केले. बहुतेक एक-दोन मिनिटांचे. जोरदार संगीत नाही, ग्राफिक्सचा झगमगाट नाही. चौकटीत दोन हात आणि टेबल. ते अनेक भाषांत गेले, मराठीत तर गेलेच. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

गेल्या मे महिन्यात आठवीतल्या भाच्यानं मला त्यातलीच मोटर दाखवली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला. आम्हाला तास लागला. वेटोळं जागचं हलेना. मी तारेची दोन्ही टोकं मन लावून चहूबाजूंनी खरवडली होती, तिथेच घोळ होता. एका टोकाचा लेप एकाच बाजूनं काढायचा असतो. मग अर्ध्या फेऱ्यात वीज वाहते आणि वेटोळ्याला ढकलते, उरलेल्या अर्ध्यात ती बंद पडते आणि वेटोळं स्वतःच्या वेगानं पुढे जातं. सतत वाहिली असती तर अर्ध्या फेऱ्यानंतर तिनं उलटंच ढकललं असतं. व्हिडिओत हे दोन सेकंदांत दिसून गेलं होतं. आम्ही तो चारदा बघितला होता, पण दिसलं ते पाचव्यांदा, मोटर फिरेना तेव्हा.

दोन खिडक्या

हात आणि पडदा यांची अशी जोडी पद्धत म्हणून बसवली ती आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानं. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या या प्रकल्पात मुक्त संगणक-प्रणाली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तीच प्रणाली. शिकणाऱ्यानं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करायचं आणि पुढे जायचं. संहिता लिहून झाली की आधी एखाद्या नवख्याला ती देऊन बघतात; तो अडला तर लेखणी पुन्हा उचलायची. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, पडद्यावरची अक्षरं मात्र इंग्रजीच ठेवली आहेत. कारण नोकरीच्या ठिकाणी समोर येणारी अक्षरं तीच असतात.

बाजारातले गुरुजी

धंदा शिकवणाऱ्या व्हिडिओंत नुसतं बघणं आणि थांबून करणं यांतला हाच फरक पैशांत मोजता येतो. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ साली रिकिन गांधी यांनी सुरू केलेल्या 'डिजिटल ग्रीन'नं शेतकऱ्यांसाठी छोट्या फिल्मा केल्या. पण त्यात तज्ज्ञ नव्हते, शेजारच्या गावचेच शेतकरी होते. गावातला एक जण प्रोजेक्टर लावायचा, मधेच फिल्म थांबवायचा आणि विचारायचा, "हे तुमच्या रानात जमेल का?" बघणारे शेतकरी आधी विचारत, हा माणूस कोण, कुठल्या गावचा. नेहमीच्या कृषी-विस्तार पद्धतीशी तुलना केल्यावर नवी पद्धत प्रत्यक्ष अंगीकारणाऱ्यांचं प्रमाण सातपट आढळलं. खर्चाच्या हिशेबात फिल्मची वाट दहापट स्वस्त पडली.

आता दुसरं टोक. 'तीस सेकंदांत ऑप्शन ट्रेडिंग' शिकवणाऱ्यांचा सुळसुळाट आपण रोज बघतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक किरकोळ व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे दोन लाखांचा. हा तोटा व्हिडिओंमुळे झाला असं त्या अभ्यासात म्हटलेलं नाही. पण सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये एक सूचना काढली. केवळ शिक्षण देणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले शेअरभाव वापरू नयेत. शिकवणी कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते, ती रेघ सेबीला आखावी लागली. शेतकऱ्याच्या फिल्ममध्ये थांबवून प्रश्न विचारणारा होता. इथे थांबायला कुणी सांगत नाही. थांबलं तर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

पुस्तकातला चौकोन

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड घातले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले आणि २०२० साली डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. तिच्यात मुलांनी घरात मिळेल त्या वस्तूंनी करून बघायच्या कृती होत्या. दोन्ही ठिकाणी व्हिडिओला एक धरबंध आहे. त्याच्या एका बाजूला पुस्तक किंवा गुरुजी असतात, दुसऱ्या बाजूला करायचं काहीतरी.

आमची मोटर शेवटी फिरली. आधी दोन गिरक्या, मग अडखळली, मग भाच्यानं बोटानं हलकेच टिचकी दिली आणि वेटोळं इतकं भरभर फिरू लागलं की तार दिसेनाशी झाली. तो टेबलावर हनुवटी टेकवून बघत राहिला. चुंबक उलटा करून बघितला, फिरण्याची दिशा बदलली. ते व्हिडिओत नव्हतं. सेल सारखा घरंगळत होता, म्हणून त्यानं त्याला फोनचा टेकू लावला होता.