नावातून घडलेले स्वरसूत्र

पॅरिसजवळच्या मेझों-लाफीत येथील सँ-निकोला चर्चमध्ये १९३५ पासून ऑर्गनवादक असलेले फ्रेंच संगीतकार ज्यां आलँ २० जून १९४० रोजी सोम्यूरजवळच्या लढाईत अवघ्या २९व्या वर्षी मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मोरिस द्युरुफ्ले यांनी १९४२ मध्ये ऑर्गनसाठी प्रिल्यूड, म्हणजे प्रास्ताविक वादन, आणि फ्यूग, म्हणजे एकच सूत्र निरनिराळ्या स्वरपंक्तींनी एकामागून एक उचलून परस्परांत गुंफण्याचा प्रकार, अशी जोडरचना केली. जर्मन पद्धतीत ए ते एच ही अक्षरे स्वरांची नावे असल्याने त्यांच्याखाली पुढची अक्षरे क्रमाने मांडली, की एल हे डीखाली, आय हे एखाली व एन हे एफखाली येते, आणि आलँ या आडनावाच्या पाच रोमन अक्षरांतून ए-डी-ए-ए-एफ हे या रचनेचे सूत्र सिद्ध होते. याहून हृद्य गोष्ट ही, की प्रिल्यूडच्या अखेरीस खुद्द आलँ यांच्या ‘लितानी’ (१९३७) या रचनेची धून ऐकू येते, त्यामुळे वादक ही कृती सादर करतो तेव्हा दिवंगताचे नाव आणि त्याचे संगीत दोन्ही एकाच वाद्यावर उमटतात. आलँ यांच्या भगिनी, ख्यातनाम ऑर्गनवादक मारी-क्लेर आलँ (१९२६–२०१३), यांनी भावाच्या समग्र ऑर्गनरचना एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केल्या; वडील अल्बेर यांनी घरी बांधलेला ऑर्गन आता स्वित्झर्लंडमधील रोमँमोतिए येथे आहे.