स्कायलाइन ड्राइव्हचा सत्तावन्नावा मैल

वॉशिंग्टन परिसरातील आपली अनेक कुटुंबे ऑक्टोबरात शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानाकडे वळतात. पानगळीचे रंग आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच महिन्यात येत असल्याने सहलीला निमित्त शोधावे लागत नाही. ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावरून जाणाऱ्या १०५ मैलांच्या स्कायलाइन ड्राइव्हवर वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे. आठवडाभर संगणकापुढे धावपळ करणाऱ्याला ती प्रथम जाचते, मग आवडू लागते.

बिग मेडोजचा माळ आणि तेथील हरणे पाहून ५१ व्या मैलावरून परतण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आणखी सहा मैल पुढे जावे, असा माझा आग्रह आहे. तेथे लुइस माउंटन लागते. दाट झाडी, लाकडी कुटिरे, तंबूंसाठी लहानशी जागा. डोळे दिपवणारे असे काहीच नाही. १९३९ साली हे स्थळ उघडले ते केवळ कृष्णवर्णीयांसाठी, आणि फलकावरही तसेच लिहिलेले होते. उद्यान संघराज्य सरकारचे होते, तरीही व्हर्जिनियातील विभक्ततेची रीत तेथे पाळली गेली. अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस विभक्ततेच्या विरोधात होते. परंतु ती पूर्णपणे हटण्यास महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

येथे महाड आठवणे स्वाभाविक आहे. मात्र साम्य शोधताना फरक विसरू नये. १९२७ पूर्वीच चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झाले होते. आडवी आली ती रूढी. लुइस माउंटनवर फलक सरकारनेच उभारला होता. ‘सार्वजनिक’ या शब्दात आपण धरले आहोत की नाही, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच.

या भूमीचे दुःख एवढ्यावर संपत नाही. १९३५ साली स्थापन झालेल्या या उद्यानासाठी शेकडो डोंगरी कुटुंबांना घरे सोडावी लागली. ती बहुतांशी गोरी आणि गरीब होती. त्यांची दगडी धुराडी व दफनभूमी आजही रानात आढळतात. मुलांना हेही दाखवावे. अन्याय केवळ आपल्याच वाट्याला येतो, असा त्यांचा समज होऊ नये.

रहिवाशांसाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो. चौथीतील मुलाच्या नावे तो विनामूल्य असतो. लुइस माउंटनची कुटिरे अद्याप वापरात आहेत. ऑक्टोबरात तेथे मुक्काम करायचा असल्यास आरक्षण उन्हाळ्यापूर्वीच करावे.