सीमेपलीकडची मागणी

तेलंगणाच्या सीमेलगतच्या बिलोलीहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ असल्याने, १९९८ मध्ये सायबर टॉवर्सच्या उद्घाटनाने आकार घेऊ लागलेली तेथील हायटेक सिटी ही बिलोली तालुक्यातील संगणक-पदवीधरांची स्वाभाविक बाजारपेठ ठरते. बँका व विमा कंपन्यांच्या अनेक अवाढव्य प्रणाली १९९५ मध्ये आलेल्या जावा या संगणकभाषेत बांधलेल्या असून त्या मोडून नव्याने उभारणे सहसा परवडत नाही. म्हणून या बाजारपेठेत जावा आणि तिच्यावरील स्प्रिंग ही चौकट, म्हणजे वारंवार लागणाऱ्या कामांचा आयता सांगाडा, यांना मागणी टिकून आहे. पायथन या भाषेला कृत्रिम बुद्धिमत्तेने उभारी दिली. जुनाट म्हणून हिणवली जाणारी पीएचपी ही भाषा मात्र, संकेतस्थळे उभारण्याची वर्डप्रेस ही प्रणाली तिच्यातच लिहिलेली असल्याने, छोट्या संकेतस्थळांच्या कामात अजून पोट भरते.