जवसाचे खवट तेल आणि हृदयविकार

जवसाचे तेल उघड्या भांड्यात राहिले म्हणजे त्यास उग्र वास येऊ लागतो, हे नागपूर भागातील शेतकरी कुटुंबांस सांगावयास नको. तेच तेल लाकडावर पातळ पसरले असता वाळून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. म्हणूनच रंग व रोगण यांसाठी त्यास मागणी असते. दोन्ही क्रियांचे मूळ एकच आहे. हवेतील प्राणवायूचा स्निग्ध पदार्थाशी संयोग होऊन त्याचे स्वरूप पालटते. यास ऑक्सिडीभवन म्हणतात.

अशीच क्रिया मनुष्याच्या शरीरातही घडते. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण रोहिणीच्या अस्तरात शिरतात व तेथे त्यांचे ऑक्सिडीभवन होते. हे बिघडलेले कण रक्तातील पांढऱ्या पेशी गिळतात, फुगतात आणि तेथेच साचून राहतात. वर्षानुवर्षे हा थर वाढून रक्तवाहिनी अरुंद होते. पुढे थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका येतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब व मधुमेह यांमुळे या बिघाडास जोर मिळतो.

संत्री व आवळा यांतील क जीवनसत्त्व आणि तेलबियांतील ई जीवनसत्त्व ही ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये होत. तेव्हा त्यांच्या गोळ्यांनी हृदयविकार टळेल, असा तर्क शास्त्रज्ञांनीही केला होता. प्रयोगात तो उतरला नाही. ब्रिटनमध्ये २०,५३६ व्यक्तींवर सुमारे पाच वर्षे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. क, ई व बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांस या रोगापासून काहीच संरक्षण मिळाले नाही. त्याच प्रयोगात कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने मात्र झटक्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. फिनलंडमध्ये तर बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ सालीच आढळून आले होते. पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करतात तोही याच क्रियेच्या साहाय्याने; तेव्हा ती सरसकट बंद पाडणे हिताचे नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट आवर्जून समजावून द्यावी. कारण महागडा जीवनसत्त्वांचा डबा घरात आला की रक्तदाबाची रोजची गोळी बंद केली जाते, आणि धोका आहे तो येथेच. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती गोळी थांबवू नये. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा. खर्रा खाणाऱ्याने तो सोडला, तर कोणत्याही डब्यापेक्षा अधिक लाभ होईल.

याचा अर्थ फळे निरुपयोगी आहेत असा नव्हे. संत्र्याच्या फोडी चोथ्यासह खाव्यात. रस गाळला की तंतुमय भाग वाया जातो. चांगली फळे कळमन्याच्या बाजारात व डागी तेवढी घरच्या मुलांस, ही बागाईतदारांची रीत बदलणे इष्ट होय. जवस दाण्याच्या स्वरूपातच साठवावे व चटणीसाठी आठवड्यापुरतेच कुटावे. दाण्याचे टरफल शाबूत असेपर्यंत आतील तेलास हवा फारशी लागत नाही.