ट्रिम आणि वैमानिक

उडत्या विमानाचा तोल सतत बदलत असतो. इंधन संपत जाते, वेग कमी-जास्त होतो, फ्लॅप्स उघडतात-मिटतात आणि नाक वर किंवा खाली जाऊ लागते. ते सावरण्यासाठी कंट्रोल कॉलम सतत ओढून धरावा लागू नये, म्हणून ट्रिम असते. बहुतेक प्रवासी जेटमध्ये त्यासाठी शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, अख्खा काही अंशांनी फिरतो. कॉलमने हलतो तो त्याच्या मागच्या कडेचा एलिव्हेटर. स्टॅबिलायझर त्याहून बराच मोठा. तो जास्त कलला, तर कॉलम पोटाशी ओढूनही नाक वर येत नाही.

एअरबस ए३२० मध्ये एरवी संगणकच ट्रिम करतो. बोइंग ७३७ मध्ये वैमानिक अंगठ्याखालच्या स्विचने ती बदलतो. यंत्रणेने परस्पर बदलली, तर दोन आसनांमधली ट्रिमची चाके खडखडत फिरू लागतात. अशा वेळी कॉलम उलट दिशेला ओढला की ट्रिम थांबते. तरीही न थांबल्यास दोन कटआउट स्विच बंद करायचे आणि चाकाचा दांडा उघडून हाताने फिरवायचे.

७३७ मॅक्समधल्या 'एमकॅस' प्रणालीला मात्र कॉलम ओढून थांबवता येत नव्हते. ती एकाच सेन्सरवर विसंबून नाक खाली ढकलत असे. वैमानिकाने ट्रिम सावरल्यावर पाच सेकंदांनी पुन्हा तेच. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे दिल्लीकर कॅप्टन भव्ये सुनेजा यांनी वीसहून अधिक वेळा नाक सावरले. अखेर विमान जावा समुद्रात कोसळले. १० मार्च २०१९ च्या इथियोपियन एअरलाइन्सच्या मॅक्स दुर्घटनेत कटआउट स्विच बंद केले होते, पण प्रचंड वेगामुळे चाक हाताने फिरेना. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ प्रवासी आणि कर्मचारी गेले.

त्यानंतर भारतातही मॅक्सची उड्डाणे थांबली. सुधारित एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून पाहते, एका प्रसंगी एकदाच चालते आणि कॉलमने आवरता येईल इतकाच जोर लावते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताच्या डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने बंदी उठवली. सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण मात्र सक्तीचे झाले. ते नीट न झाल्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवण्यास मनाई झाली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला आकासा एअरने मुंबई-अहमदाबाद मार्गावर मॅक्स विमानानेच आपली सेवा सुरू केली.