शर्यतीचा मार्ग आणि गाडीची परीक्षा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की बराच काळ सपाट, सरळ रस्ता लागतो. तुळजापूरला निघाले तर शेवटी घाट चढावा लागतो. आणि नवी पेठेतून जायचे, तर दर काही पावलांवर वळण, ब्रेक आणि पुन्हा वेग. गाडी तीच, चालक तोच; पण तिन्ही ठिकाणी ती वेगळ्या तऱ्हेने चालवावी लागते. मोटार शर्यतींच्या मार्गांचेही असेच आहे. प्रत्येक मार्ग गाडीची वेगळी परीक्षा घेतो. ती कशी, हे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रातूनच समजते.

गाडी वळते तेव्हा तिला वळणाच्या केंद्राकडे खेचणारे बल हवे असते. ते पुरवते टायर व रस्ता यांमधील घर्षण. या घर्षणाला मर्यादा आहे, म्हणून वेगालाही मर्यादा येते. सपाट वळणासाठी ती अशी मांडता येते: वेगाचा वर्ग = घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या. घर्षणगुणांक ०.८ आणि गुरुत्वत्वरण १० धरले, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर वेगाची मर्यादा ताशी सुमारे ४५ किलोमीटर येते. त्रिज्या चौपट, म्हणजे ८० मीटर केली, तर मर्यादा दुप्पट होते. या सूत्रात वस्तुमान नाही, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

शर्यतीच्या गाडीला ही मर्यादा ओलांडायची असते. त्यासाठी तिला पुढे-मागे पंख बसवतात. विमानाचा पंख वर उचलतो. हे पंख गाडीला खाली दाबतात. वजन न वाढता टायरवरील दाब वाढतो आणि घर्षण वाढते. मोठ्या वेगात हा दाब गाडीच्या वजनाहूनही जास्त होतो. पण फुकट काहीच मिळत नाही. पंख जितका उभा, तितका हवेचा रोध जास्त, आणि सरळ रस्त्यावर वेग तितका कमी.

आता तीन मार्ग पाहू. इटलीतील मोंझा हा मार्ग १९२२ सालचा. त्याची लांबी ५.७९३ किलोमीटर. फेरीचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पूर्ण वेगात काढला जातो, म्हणून तेथे पंख अगदी आडवे ठेवतात. तेथे खरी कसोटी ब्रेकची लागते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि तिचा बराच भाग ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन उतरतो.

मोनॅकोची शर्यत शहराच्या रस्त्यांवरून जाते. फेरी अवघी ३.३३७ किलोमीटरची, पण अशा ७८ फेऱ्या. एक वळण तर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास घ्यावे लागते. पंखाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ३०० किलोमीटरला जो दाब मिळतो त्याचा छत्तिसावा भागच येथे उरतो. त्या वळणावर भिस्त टायर आणि स्प्रिंगांवर. तरीही पंख मोठेच लावतात, कारण बाकीच्या वळणांवर ते उपयोगी पडतात आणि रोधामुळे वेग गमवावा इतका लांब सरळ रस्ताच तेथे नाही. चालकासाठी मात्र कडेची लोखंडी भिंत हाताच्या अंतरावर असते.

तिसरा मार्ग आपल्या देशातला, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे येथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. २०११ साली नारायण कार्तिकेयन घरच्या प्रेक्षकांपुढे धावला. या मार्गावर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, चढउतार आहेत आणि लांबलचक वळणेही आहेत. सरळ पट्ट्यासाठी आडवा पंख हवा, वळणांसाठी उभा. येथे मधला मार्गच काढावा लागतो.

हवामानही परीक्षा घेते. ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक निम्मा झाला, तर वरच्या २० मीटरच्या वळणावर मर्यादा ४५ वरून ३२ वर येते. उष्णता चालकाला थकवते. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवरच मोटारसायकलींच्या मोटोजीपी शर्यतीच्या फेऱ्या उकाड्यामुळे कमी कराव्या लागल्या होत्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको.

हे गणित आमच्या मते शर्यतीपेक्षा तुळजापूरच्या घाटात अधिक मोलाचे आहे. शर्यतीच्या चालकाला प्रत्येक वळण पाठ असते, समोरून वाहन येत नाही, आणि चुकलेली गाडी थांबावी म्हणून बहुतेक मार्गांवर बाहेर मोकळी जागा व खडीचे पट्टे असतात. घाटात यातले काहीच नसते. दुचाकीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला घर्षणाचा नियम मात्र तोच लागू होतो. त्याचे कौशल्य किंवा धाडस त्या सूत्रात कोठेच येत नाही.

वर्गाला हे पटवण्यासाठी मैदानावर फक्कीने ३ मीटर आणि १२ मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे आखा. खडे वेचून जमीन साफ करा. मुलांना प्रत्येक रेषेवरून, पाय न घसरता, जमेल तितक्या वेगाने एक फेरी मारू द्या आणि वेळ मोजा. मग परीघ भागिले वेळ करून वेग काढायला सांगा. लहान वर्तुळावर चपळ मुलालाही वेग आवरावा लागेल. मोठ्यावर तो मोकळेपणाने धावेल. असे का झाले, हे मात्र मुलांनाच सांगू द्या.