सिनेगॉगमधला तरणतलाव

आज पोलंडमध्ये असलेल्या पोझनानमध्ये १९०७ साली भव्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, उभं राहिलं. शहर तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं. तांब्यानं मढवलेला प्रचंड घुमट, आत सुमारे १,२०० भाविकांची बैठक.

पुढे शहर पोलंडकडे गेलं आणि १९३९ मध्ये नाझी आले. त्यांनी ही इमारत पाडली नाही. अपमानाची वेगळीच तऱ्हा शोधली. घुमट उतरवला आणि जिथे प्रार्थना व्हायच्या, तिथे जर्मन सैनिकांसाठी पोहण्याचा तलाव बांधला!

युद्ध संपलं. बहुतेक ज्यू परतले नाहीत, तलाव मात्र राहिला. पोलिश राजवटीतही तो सार्वजनिक तलाव म्हणून चालला. शहरातली मुलं तिथेच पोहायला शिकली. त्यांना दोष कसा द्यायचा?

२००२ मध्ये इमारत ज्यू समाजाला परत मिळाली, तरी तलाव बंद व्हायला २०११ उजाडलं.